'सगळे टॅब बंद करायचे?' या प्रश्नाची पार्श्वभूमी

जून उजाडला की नाशिकच्या सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरातल्या सेवा केंद्रांना श्वास घ्यायला फुरसत नसते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, कॉलेजचे प्रवेश, कुणाचा सातबारा. एकाच विंडोत पंधरा-वीस टॅब, तेही इतके बारीक झालेले की नाव दिसत नाही, नुसतं चिन्ह. सिन्नरहून आलेल्या मावशींच्या मुलीचा अर्ज निम्मा भरून झालेला असतो. ऑपरेटर एक टॅब मिटवायला जातो आणि क्लिक पडतं वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर. काउंटरपलीकडून "झालं का हो दादा?" आणि अलीकडे रिकामा डेस्कटॉप.

ब्राउझरने आधी विचारावं, की चूक होऊ द्यावी आणि मग सगळं परत आणून द्यावं? हा प्रश्न टॅबबरोबरच जन्माला आला. त्याआधी तो पडायचं कारण नव्हतं. दोन हजार दोनच्या सुमारास कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत इंटरनेट एक्सप्लोरर 6 असायचा आणि प्रत्येक पान स्वतंत्र विंडोत उघडायचं. खालची पट्टी भरून जायची, पण चुकून एक विंडो मिटली तर एकच पान जायचं. (विंडोज एक्सपी एकसारख्या विंडो एका बटणात गोळा करायचं आणि त्यावर राइट-क्लिक केलं की सगळा गट बंद करायची सोय द्यायचं. संकटाची चाहूल तिथेच लागली होती म्हणा.)

टॅबची कल्पना मात्र जुनी. 1994 च्या इंटरनेटवर्क्समध्ये ती होती, नव्वदीच्या अखेरीस नेटकॅप्टरने ती आणली, ऑपेरानेही. 2001 मध्ये मोझिलात आणि 2003 मध्ये सफारीत टॅब आले. पण आपल्याकडे ते रुळले फायरफॉक्समुळे. त्याची 1.0 आवृत्ती 9 नोव्हेंबर 2004 ला आली. तिच्यात प्रत्येक टॅबवर फुली नव्हतीच. टॅबच्या ओळीच्या उजव्या टोकाला एकच फुली, समोर असेल तो टॅब मिटवायला. आणि त्याच उजव्या कडेला, थोडी वर, पूर्ण विंडो मिटवणारी फुली. हात घाईत असला की घात ठरलेला. म्हणून विंडो मिटवताना फायरफॉक्स आधी थांबवायचा: इतके टॅब बंद होणार आहेत, पुढे जायचं का? खाली एक चौकट, पुन्हा असं विचारू का म्हणून. बहुतेकांनी कधीतरी वैतागून तिच्यातली खूण काढली आणि नेमकं त्यानंतरच टॅब गमावले.

इशाऱ्याची हीच गोची आहे. दहादा विचारलं की अकराव्यांदा हात न वाचताच 'हो' म्हणतो.

2006 मध्ये दोन्ही बाजूंनी हालचाल झाली. इंटरनेट एक्सप्लोरर 7 टॅब घेऊन आला आणि सगळे बंद करायचे का हे विचारू लागला. पुढच्या वेळी हेच टॅब उघडून दे, असंही त्याच चौकटीत सांगता यायचं. फायरफॉक्स 2 ने फुली प्रत्येक टॅबवर नेली, मिटलेला टॅब परत उघडण्याची सोय दिली आणि संगणक अचानक बंद पडला तरी आधीची पानं परत मांडून दिली. त्याआधी हे काम एक्स्टेंशनवर, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमवर चालायचं. त्या काळी महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं. यूपीएस दोन-चार मिनिटं चूंचूं करून मान टाकायचा. वीज आल्यावर सगळी पानं पुन्हा समोर येणं म्हणजे चैन होती!

2008 मध्ये क्रोम आला. विंडोजवर त्याने टॅब मोजून विचारण्याची भानगड ठेवलीच नाही. मिटला? कंट्रोल-शिफ्ट-टी दाबा. मॅकवर मात्र त्यात कमांड-क्यू धरून ठेवल्याशिवाय ब्राउझर बंद होत नाही असं करता येतं, कारण टॅब मिटवणारं डब्ल्यू आणि सगळं मिटवणारं क्यू ही बटणं शेजारी-शेजारी. क्रोमची आणखी एक गंमत बघा. टॅब मिटवला की उरलेले लगेच रुंद होत नाहीत, पुढच्या टॅबची फुली माऊसखालीच येऊन बसते. पटापट टॅब मिटवणाऱ्याला सोयीचं, आणि एक क्लिक जास्त पडलं तर तेवढंच महागाचं. पिन केलेल्या, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला अडकवून ठेवलेल्या टॅबवर फुलीच नसते, तो त्यातल्या त्यात सुरक्षित.

इशाऱ्याचा दुसरा प्रकार पानाच्या हातात असतो. अर्ज अर्धवट आहे, खरंच जायचं का, हे संकेतस्थळ स्वतः विचारू शकतं. ही युक्ती मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर 4 मध्ये आणली, 1997 ची गोष्ट. पुढे जाहिरातवाल्यांनी तिचा पार चोथा केला. 'थांबा, तुम्हाला बक्षीस लागलंय' असली वाक्यं त्याच चौकटीतून येऊ लागली. मग 2011 मध्ये फायरफॉक्स 4 ने आणि 2016 मध्ये क्रोम 51 ने पानाचा मजकूर दाखवणं बंद केलं. आता ब्राउझरचं ठरावीक वाक्य दिसतं.

नोव्हेंबर 2021 मध्ये फायरफॉक्स 94 ने, मेनूतून किंवा फुलीवरून विंडो मिटवताना आपणहून विचारणं सोडून दिलं. सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करता येतं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही बरेच टॅब असलेली विंडो मिटवण्याआधी विचारण्याचं सेटिंग आहे.

म्हणजे 'परत आणू' वाल्यांची सरशी झाली. बातमी वाचणाऱ्याला ते पुरतं. सरकारी पोर्टलवर पान परत येतं, लॉगिन येईलच असं नाही. पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी, आणि ज्या मोबाइलवर तो येतो तो मावशींच्या मालकांच्या खिशात, सिन्नरला.

म्हणून इथले जुने ऑपरेटर पोर्टलचा टॅब पिन करून ठेवतात, गाणी आणि व्हॉट्सअॅप वेगळ्या विंडोत. आणि कीबोर्डशेजारी दोनशे पानी वही असते. अर्ज क्रमांक स्क्रीनवर आला रे आला की तो आधी तिच्यात उतरतो, मग पुढचं पान.