दोन ठिपक्यांचा मासा ओळखताना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या ओढ्यांत बोटापेक्षाही लहान, चंदेरी, कल्ल्यामागे एक आणि शेपटीच्या अलीकडे एक असे काळे ठिपके असलेला मासा दिसला, की नोंदवहीत ‘पुंटिअस टिक्टो’ हे शास्त्रीय नाव लिहून मोकळं व्हायचं, ही सवय आता सोडायलाच हवी. फ्रान्सिस हॅमिल्टन या अभ्यासकाने १८२२ मध्ये बंगालमधल्या माशाला ‘सायप्रिनस टिक्टो’ म्हटलं. पुढे तो बार्बस झाला, मग पुंटिअस. २०१२ मध्ये रोहन पेथियागोडा आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातल्या पुंटिअसची फोड केली, तेव्हा तो ‘पेथिया’ या नव्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, जीनसमध्ये) गेला. दोनच वर्षांनी आजरा-गडहिंग्लजकडून वाहणाऱ्या हिरण्यकेशीतून ‘पेथिया लाँगिकॉडा’ ही वेगळी जाती नोंदवली गेली. म्हणजे आपल्या ओढ्यातला मासा टिक्टोच असेल, असं धरून चालता येत नाही.

आधी प्रजाती ठरवा. पाठीवरच्या पराचा शेवटचा न फुटलेला, म्हणजे फाटे नसलेला, काटा बघा. त्याच्या मागच्या कडेवरून सुईचं टोक फिरवलं आणि ते दातेरी कडेत अडकलं, तर पेथिया किंवा सिस्टोमस ही दुसरी प्रजाती. सिस्टोमसला मिशांच्या दोन जोड्या असतात. पेथियाला नाकाजवळच्या मिशा नसतातच, जबड्याच्या असल्या तर अगदी बारीक. काटा मऊ आणि गुळगुळीत असेल तर तो पुंटिअस असू शकतो. इथेच चूक होते: मिशी जबड्यालगतच्या खाचेत दडते आणि ‘मिशी नाही’ अशी नोंद होते. दहापट भिंगाखाली सुईने हलकेच उचलून बघावं.

खवले नेहमी डाव्या बाजूचे मोजावेत. कल्ल्यामागून सुरुवात करायची आणि शेपटी वाकवल्यावर जिथे घडी पडते तिथे थांबायचं. शेपटीच्या परावर चढलेले खवले धरायचे नाहीत. पेथियाच्या बऱ्याच जातींत छिद्रं असलेले खवले थोडेच असतात आणि त्या छिद्रांची अंगावरून जाणारी रेघ (पार्श्वरेषा) मध्येच तुटते. म्हणून छिद्रांचे खवले वेगळे आणि त्या ओळीतले एकूण खवले वेगळे लिहावेत. रंगावर मात्र विसंबू नये. विणीच्या काळात नर तांबूस होतो आणि नमुना टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये रंग जातोच, त्यामुळे फोटो आधी काढावा.

परवानगी घेऊन नमुना ठेवायचा असेल, तर आधी पराचा किंवा मांसाचा छोटा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये घालावा. फॉर्मॅलिन डीएनए खराब करतं; मग जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा, म्हणजे बारकोड, मिळणं अवघड. उरलेला मासा बाजारच्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग अशा द्रावणात दोन-तीन दिवस ठेवावा, नंतर धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. हातमोजे घालूनच, आणि उघड्या हवेत.

चिठ्ठीवर नुसतं ‘कोल्हापूर’ लिहिलेला नमुना निम्मा वाया जातो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती पंचगंगेला मिळतात; हिरण्यकेशी घटप्रभेमार्गे कृष्णेला जाते; आणि घाटमाथ्यापलीकडचं पाणी थेट अरबी समुद्राला. गोव्याकडची ‘पेथिया सेटनाय’ या पलीकडच्या पाण्यातली. डोंगराची धार हे मासे ओलांडत नाहीत, म्हणून नदी, गाव, तारीख आणि अक्षांश-रेखांश लिहायलाच हवेत. दुकानातून आणलेले रोझी बार्बही पेथियाच, पण ते उत्तरेकडचे. ते रंकाळ्यात किंवा ओढ्यात सोडू नयेत. एकदा ते तिथे रुजले, की मूळचा मासा कोणता हे सांगणं फार कठीण होऊन बसतं.