पाणचक्कीच्या जागेचे उत्खनन

पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या जुन्या चक्कीचे बांधकाम, पाट, तळे आणि यंत्राचे भाग जमिनीखालून शोधून त्यांची नोंद करण्याचे पुरातत्त्वीय काम. यात भिंतींपेक्षा पाण्याची वाट महत्त्वाची असते. बांध, पाट, पन्हळ, चाकाचा खड्डा आणि वापरलेले पाणी नदीला परत नेणारा चर यांच्या तळाची उंची एकाच मापाने नोंदवलेली नसेल, तर चक्की कशी चालत होती हे सांगता येत नाही. उदाहरणार्थ, तळ्याची पातळी पन्हळीच्या तोंडापेक्षा दीड मीटर उंच असेल, तर पाणी सेकंदाला सुमारे ५.४ मीटर वेगाने पात्यांवर आदळते. प्रत्यक्षात घर्षणामुळे थोडे कमी.

आडव्या चाकाच्या चक्कीत उभ्या आसाच्या खालच्या टोकाला पाती आणि वरच्या टोकाला जात्याची वरची तळी (दळायचा गोल दगड) बसवलेली असते. मध्ये दातेरी चाके नसतात, त्यामुळे चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचाही एकच फेरा. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की याच जातीची. उभ्या चाकाला दातेऱ्यांची जोड लागते आणि खड्डाही वेगळा, अरुंद व खोल लागतो.

इंग्लंडमधील टॅमवर्थ येथे १९७१ आणि १९७८ मध्ये झालेल्या उत्खननांत आडव्या चाकाची चक्की मिळाली. आस ज्यावर फिरे ती ओकची तुळई तिथे पोलादी बैठकीसकट शाबूत होती. असे क्वचितच घडते. चाक, आस आणि चांगल्या तळ्या मालक चक्की मोडताना काढून नेतो. खड्ड्यात उरतात ती तुटकी पाती.

फुटकी तळी सापडली म्हणजे पाणचक्की होती, असे नाही. हातजाती साधारण ३० ते ५० सेंटीमीटर व्यासाची असतात. ६० च्या पुढचा दगड यंत्राचा मानतात, पण ते यंत्र बैलाचेही असू शकते. शिवाय फुटक्या तळ्या उंबऱ्याला किंवा फरशीला लावायची चाल सगळीकडे आहे.

जागा सखल असल्याने खणताना पाणी भरते. पंपासाठी उपशाचा खड्डा उत्खननाच्या चराबाहेर आणि त्या चराच्या तळापेक्षा खोल घ्यावा. आत घेतला तर पंप गाळासोबत बियाही ओढतो. गाळाचे नमुने प्रत्येक थरातून ४० ते ६० लिटर घेऊन बारीक चाळणीवर धुतात. जळके धान्य, तण आणि कीटकांचे अवशेष बहुधा चाकाखालच्या गाळातच मिळतात. म्हणून नदीकडच्या चरावर जास्त वेळ द्यावा, भिंती थांबू शकतात.

ओले लाकूड हा सर्वांत नाजूक भाग. उघडे पडल्यावर ते उन्हात काही तासांतच तडकू लागते, म्हणून सतत पाणी शिंपडावे, ओल्या फोमने आणि प्लॅस्टिकने झाकावे. पुढे पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या (लाकडातील पाण्याची जागा घेणाऱ्या मेणासारख्या रसायनाच्या) द्रावणात मोठ्या तुळया वर्षानुवर्षे ठेवाव्या लागतात. टाकीची सोय नसेल तर खणूच नये.

वय ठरवण्यासाठी वृक्षवलये, म्हणजे लाकडात दर वर्षी वाढणारी कडी, मोजतात. लाकडावर झाडाची साल शिल्लक असेल तर झाड तोडल्याचे वर्ष मिळते. नसेल तर गेलेल्या बाहेरच्या वलयांचा अंदाज धरावा लागतो. टॅमवर्थचे वर्ष म्हणूनच ८५५, नऊ वर्षे अलीकडे-पलीकडे, असे देतात. दुसरी अडचण दुरुस्तीची. उत्तर आयर्लंडमधील नेंड्रम मठाजवळ १९९९ ते २००१ मध्ये भरतीच्या पाण्यावर चालणारी चक्की खणली गेली. तिथे पहिल्या चक्कीची लाकडे इ.स. ६१९ ते ६२१ ची, तर त्याच जागेवरच्या नंतरच्या दगडी चक्कीचे वर्ष ७८९. एका तुळईवरून सगळ्या जागेचे वय सांगितले तर दीडशेहून अधिक वर्षांची चूक झाली असती.

लाकूड मुळीच उरले नाही, तरी सगळे संपत नाही. फ्रान्समधील बार्बेगाल येथे १६ चाकांची रोमन गिरणी होती. चाके कुजली, पण त्यांवर साचलेल्या चुनखडीच्या पुटात लाकडाचे ठसे राहिले. २०१८ मध्ये त्या थरांच्या अभ्यासातून दिसले, की गिरणी दर वर्षी काही महिने बंद असे.