मिनाकाता कुमागुसुंच्या वह्या आणि कागदपत्रं: बघायला अर्ज कुठे आणि कसा करायचा

जपानमध्ये १९०६ साली सरकारी आदेश निघाला की गावोगावची छोटी देवळं मोडून एकत्र करायची. देऊळ गेलं की भोवतीची राखलेली झाडीही कुऱ्हाडीखाली जायची. वाकायामा प्रांतात याचा तडाखा फार मोठा होता, आणि तिथेच मिनाकाता कुमागुसु (१८६७–१९४१) राहत होते. बुरशी आणि स्लाइम मोल्डचे (बुरशीसारखे दिसणारे बुळबुळीत सूक्ष्मजीव) अभ्यासक, लोककथांचे जाणकार, स्वभावाने भडक. त्यांनी याविरुद्ध लेख लिहिले, प्राध्यापकांना आणि अधिकाऱ्यांना लांबच लांब पत्रं धाडली, १९१० मध्ये एका सभेत घुसून गोंधळ घातला आणि १८ दिवस कोठडीत काढले. १९११ मध्ये प्रांताच्या राज्यपालांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ‘एकोलोगी’ (इकॉलॉजी, परिसरशास्त्र) हा शब्द वापरला. त्या काळी जपानी चळवळीच्या कागदांत तो सहसा दिसत नसे.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिलं. त्या वाटेने पुढे काम करणाऱ्यांना हे कागद उपयोगी पडतील. फक्त ते एका ठिकाणी नाहीत. त्यामुळे अर्जाआधीचं काम अर्जापेक्षा मोठं आहे.

काय कुठे आहे

मुख्य साठा वाकायामातल्या तानाबे शहरात आहे. कुमागुसुंची मुलगी फुमिए २००० साली वारली, तेव्हा घर आणि घरातले कागद शहराकडे आले. त्याच घराला लागून २००६ मध्ये तानाबे शहराने ‘मिनाकाता कुमागुसु केन्शोकान’ हे त्यांच्या स्मरणार्थचं केंद्र उघडलं. पुस्तकं, हस्तलिखितं, आलेली पत्रं, रोजनिश्या, नमुने असं सगळं धरून सुमारे २५ हजार वस्तू तिथे आहेत. लंडनमध्ये असताना त्यांनी मुख्यतः ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून निरनिराळ्या युरोपीय भाषांतल्या ग्रंथांमधले उतारे उतरवले. त्या ‘लंडन उताऱ्यां’च्या ५२ वह्या आणि नंतरच्या ‘तानाबे उताऱ्यां’च्या ६१ वह्या इथल्याच. कुमागुसुंना आलेली पत्रंही बहुतांशी इथेच सापडतील.

त्यांनी लिहिलेली पत्रं मात्र ज्याला लिहिली त्याच्याकडे गेली. हा साधा मुद्दा सुटला की सगळा शोध चुकीच्या दाराशी सुरू होतो. शिंगोन पंथाचे भिक्षू तोकी होर्यु यांना गेलेल्या पत्रांचा एक मोठा गठ्ठा २००४ मध्ये क्योतोच्या कोझान-जी मंदिरात सापडला, आणि २०१० मध्ये तो पुस्तकरूपात आला. १९२५ साली यबुकी योशिओ यांना लिहिलेलं ‘आत्मवृत्त’ हे एकच पत्र सात मीटरहून लांब आहे. ते जवळच्या शिराहामा गावातल्या मिनाकाता कुमागुसु स्मारक संग्रहालयात आहे. हे संग्रहालय वेगळं, १९६५ पासूनचं, आणि त्याचा कारभारही वेगळा. एकाला लिहिलेला अर्ज दुसऱ्याकडे आपोआप जात नाही.

बुरशीची रंगीत चित्रं हवी असतील तर तानाबे सोडून त्सुकुबा शहराकडे वळावं लागतं. हजारो नमुने आणि त्यांच्याशेजारी बारीक इंग्रजी नोंदी असलेले ते कागद राष्ट्रीय निसर्ग आणि विज्ञान संग्रहालयाकडे आहेत. स्लाइम मोल्डवर त्यांचा पत्रव्यवहार इंग्लंडच्या आर्थर आणि गुलिएल्मा लिस्टर या बापलेकीशी होता. कुमागुसुंच्या अंगणातल्या पर्सिमनच्या झाडावर मिळालेल्या नमुन्याला गुलिएल्मांनी १९२१ मध्ये ‘मिनाकाटेला लाँगिफिला’ हे नाव दिलं. लिस्टर संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

आधी छापलेलं तपासा

मूळ कागदाची गरज अभ्यासकाला वाटते तितकी अनेकदा नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. हेइबोन्शा प्रकाशनाची समग्र साहित्याची मालिका १९७१ ते १९७५ मध्ये निघाली. रोजनिशीचे १८८५ ते १९१३ पर्यंतचे भाग यासाका शोबो या प्रकाशनाने चार खंडांत छापले आहेत. देवळांच्या प्रश्नावर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मात्सुमुरा जिन्झो यांना लिहिलेली दोन पत्रं लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९११ मध्येच छापून वाटली होती. ‘नेचर’ साप्ताहिकातलं इंग्रजी लेखन (पहिला लेख १८९३चा, पूर्वेकडच्या नक्षत्रसमूहांवर) कुठल्याही मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळतं. ‘कुमागुसु केन्क्यु’ या नियतकालिकात पत्रांचे आणि नोंदींचे वाचलेले पाठ येत असतात. तुमचा कागद त्यात आला असेल तर पुढची निम्मी धावपळ वाचते.

यातून उरेल ते मूळ कागदाचं काम: १९१३ नंतरच्या रोजनिश्या, उताऱ्यांच्या वह्यांच्या कडेला लिहिलेल्या टिपा, न छापलेली आलेली पत्रं.

कोण अर्ज करू शकतं

केन्शोकानचं प्रदर्शन सगळ्यांना खुलं आहे आणि त्याला प्रवेशशुल्क नाही. शेजारचं घर बघायला तिकीट लागतं. मूळ कागद बघायचा असेल तर परवानगी आधी घ्यावी लागते आणि हेतू लिहून द्यावा लागतो. प्राध्यापक किंवा पीएच.डी.चे विद्यार्थी असाल तर ओळख सोपी जाते. स्वतंत्र अभ्यासकाने आजवरचं छापलेलं काम, नाहीतर एखाद्या मार्गदर्शकाचं पत्र जोडावं. निव्वळ आवड म्हणून ‘सगळ्या वह्या दाखवा’ असं लिहिलंत तर नम्र नकाराची तयारी ठेवा, कारण ब्रशने लिहिलेली शाई आणि पातळ जपानी कागद वारंवार हाताळणं सोसत नाहीत.

खरी पात्रता वाचता येण्याची आहे. कुमागुसुंचं अक्षर बारीक, ब्रशचं आणि एकात एक गुंतलेलं. छापील जपानी सहज वाचणाऱ्यालाही ते उलगडत नाही. जुनी हस्तलिपी वाचणारा सोबती आधीच शोधावा आणि त्याचं नावही अर्जात घालावं. उताऱ्यांच्या वह्यांमध्ये मात्र इंग्रजी, फ्रेंच, जर्मन असा बराच मजकूर आहे. जपानी न येणाऱ्याला त्यापासून सुरुवात करता येते.

अर्जात काय लिहायचं

सगळं सूचीच्या क्रमांकावर चालतं. घरातल्या पुस्तकांची सूची २००४ मध्ये आणि कागदपत्रांची २००५ मध्ये छापली गेली. कागदपत्रांच्या सूचीत स्वतःच्या हातचं लेखन आणि आलेली पत्रं यांचे वेगळे गट आहेत, आणि प्रत्येक वस्तूला गटाचं नाव अधिक आकडा असा क्रमांक आहे. अभ्यासक आपल्या लेखांच्या तळटिपांत तोच क्रमांक देतात. भारतात सूची हाताशी नसेल तर या तळटिपांतून क्रमांक गोळा करणं हा सर्वांत स्वस्त मार्ग. ‘स्लाइम मोल्डबद्दलची कागदपत्रं’ असं मोघम लिहिण्यापेक्षा सहा-सात नेमके क्रमांक लिहिलेला अर्ज कर्मचाऱ्याला लगेच हाताळता येतो.

त्याशिवाय पूर्ण नाव (पासपोर्टप्रमाणे), संस्था आणि पत्ता, अभ्यासाचा विषय चार-पाच ओळींत, यायची तारीख आणि एक पर्यायी तारीख, सोबत येणाऱ्यांची नावं, फोटो काढायचे की फक्त वाचायचं, आणि फोटोंचं पुढे काय करणार, हे लिहावं. मजकूर जपानीत असावा. हे शहराचं कार्यालय आहे, आंतरराष्ट्रीय विद्यापीठ नव्हे. पुण्या-मुंबईत जपानी शिकवणारे भरपूर आहेत, त्यांच्यापैकी कोणाकडून तरी पत्र तपासून घ्या. आपल्याकडच्या सवयीने स्टँपपेपर, नोटरी, साक्षांकित प्रती असला पसारा मात्र न मागता जोडू नका. पासपोर्टच्या माहितीच्या पानाची प्रत आणि संस्थेच्या लेटरहेडवरचं ओळख करून देणारं पत्र सोबत ठेवा.

वर्षांचा घोळ इथे हमखास होतो. जपानी फॉर्मवर आजही सम्राटाच्या कालगणनेतलं वर्ष विचारतात: २०१९ म्हणजे रेइवा १, म्हणून २०२६ म्हणजे रेइवा ८. कुमागुसुंच्या रोजनिश्याही तशाच: मेइजी ४४ म्हणजे १९११, ताइशो १४ म्हणजे १९२५, शोवा ४ म्हणजे १९२९. त्या शेवटच्या साली १ जूनला त्यांनी सम्राट हिरोहितोंना स्लाइम मोल्डचे ११० नमुने कॅरॅमलच्या खोक्यांतून दिले. त्या दिवसाशी जोडलेला कागद मागायचा असेल तर सूचीत १९२९ शोधत बसू नका.

फोटो आणि छपाई

पाहण्याची परवानगी म्हणजे छापण्याची परवानगी नव्हे. पुस्तकात, लेखात, प्रदर्शनात वापरायचं असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो. कुमागुसुंचं स्वतःचं लेखन जपानी कायद्याने मुक्त झालेलं आहे. ते १९४१ मध्ये गेले, तेव्हाच्या ५० वर्षांच्या मुदतीने १९९१ अखेर हक्क संपला, आणि २०१८ मध्ये मुदत ७० वर्षं झाली तरी संपलेले हक्क परत जिवंत झाले नाहीत. पण संस्थेने ज्या अटीवर कागद दाखवला ती अट पाळणं हा निराळा भाग. आलेल्या पत्रांचे लेखक वेगवेगळे, त्यांच्या मृत्यूची वर्षं वेगवेगळी. तिथे प्रत्येक नाव तपासावं लागतं, यात शॉर्टकट नाही.

त्सुकुबाच्या नमुन्यांसाठी वनस्पतिसंग्रहांची नेहमीची रीत: त्या विभागाच्या अभ्यासकाला लिहायचं, वेळ ठरवायची. नमुना उसना हवा असेल तर तो संस्थेकडून संस्थेला जातो, व्यक्तीच्या हातात देत नाहीत.

व्हिसा

९० दिवसांपर्यंतच्या, मानधन नसलेल्या कामासाठी अल्पकालीन भेटीचा व्हिसा पुरतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचं काम मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतं, अर्ज व्हीएफएस या व्हिसा-अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत जातो. फॉर्म, फोटो, पासपोर्ट, दिवसनिहाय कार्यक्रम, तिकिटाचं आरक्षण, बँकेचा तपशील, प्राप्तिकराची विवरणपत्रं, नोकरीचं किंवा विद्यापीठाचं पत्र हे मुख्य कागद. जपानमधल्या प्राध्यापकाने बोलावलं असेल तर त्यांचं निमंत्रणाचं कारण सांगणारं पत्र आणि मुक्कामाचं वेळापत्रक जोडायचं. खर्च ते करणार असतील तर हमीपत्रही लागतं. अभिलेखागाराने दिलेली तारीख कार्यक्रमात जशीच्या तशी लिहा.

जास्त महिने राहायचं असेल तर जपानमधल्या यजमान संस्थेने आधी पात्रता-प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी) काढावं लागतं. बिनपगारी अभ्यासासाठी ‘सांस्कृतिक उपक्रम’ हा निवासप्रकार आहे. पस्तिशीच्या आतल्यांनी जपान सरकारच्या संशोधन-विद्यार्थी शिष्यवृत्तीकडे बघावं.

तिकीट काढताना एवढं बघा: केन्शोकान सोमवारी बंद असतं, शिवाय महिन्यातले काही मंगळवार आणि सार्वजनिक सुट्टीचा दुसरा दिवस. शिराहामाचं संग्रहालय गुरुवारी बंद. ओसाकाहून ‘कुरोशिओ’ एक्स्प्रेसने कीइ-तानाबेला साधारण दोन तास लागतात, आणि स्टेशनापासून केन्शोकान चालत जाण्याजोगं आहे. दोन्ही ठिकाणं एका फेरीत करायची तर सोमवार, मंगळवार आणि गुरुवार सोडून दिवस निवडा.