पाच मिलिमीटर पाण्याच्या जोरावर दोन माणसं

‘आणि वर गेल्यावर छत्री उघडलीच नाही तर?’ टँडेम, म्हणजे एकाच पंखाखाली पायलटसोबत जोडीनं करायच्या पॅराग्लायडिंगला पहिल्यांदा निघालेल्या माणसाला, आणि त्याच्याहून जास्त त्याच्या आईला, हा प्रश्न पडतोच. पण पॅराग्लायडर वर जाऊन उघडत नाही. तो जमिनीवरच फुगतो, पायलट मान वर करून तो नीट बघतो आणि मगच पाय सुटतात. ती छत्री नव्हेच, पंख आहे. पंख म्हणावा असं मात्र त्यात काहीच दिसत नाही: कापड, दोऱ्या आणि पुढच्या कडेला फार तर प्लॅस्टिकच्या बारीक काड्या. मग तो ताठ कशानं राहतो?

हिमाचलमधलं बीर-बिलिंग घेऊ. धौलाधारच्या उतारावर साधारण 2400 मीटरवरच्या बिलिंगहून निघायचं आणि हजारेक मीटर खाली बीरला उतरायचं. 2015 साली इथं पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कपही झाला होता. दोघांसाठीचा पंख 40 चौरस मीटरच्या आसपास असतो, म्हणजे सव्वाचारशे चौरस फूट. मुंबईत एवढ्यात अख्खं कुटुंब राहतं.

जवळ जाऊन पाहिलं तर पंखाला दोन थर दिसतात, वरचा आणि खालचा. मधे कापडाचेच उभे पडदे, त्यांनी पाडलेले कप्पे. कप्प्यांची तोंडं पुढच्या कडेला उघडी, मागची कड शिवलेली. पतंग आणि बलून बनवणाऱ्या डॉमिना जाल्बर्ट यांनी 1964 साली अमेरिकेत अशा पंखाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे 1978 मध्ये फ्रान्समधल्या मियूसी गावाजवळ काही पॅराशूटवाल्यांनी असे पंख घेऊन विमानाऐवजी डोंगरावरूनच उड्डाण केलं, आणि हा खेळ सुरू झाला.

आता थोडं गणित. पंख ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर वेगानं हवेतून चालला आहे. त्या उंचीवर एका घनमीटर हवेचं वजन साधारण एक किलो. कप्प्याच्या तोंडाशी हवा अडते, थांबते, आणि थांबताना तिचा दाब वाढतो: घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर 50 पास्कल. पाच मिलिमीटर पाण्याच्या थराचा दाब एवढाच असतो! पायलट, तुम्ही आणि सगळं सामान मिळून 200 किलो धरलं, तर 40 चौरस मीटरमध्ये दर चौरस मीटरला पाच किलो येतात. तेही जवळजवळ 50 पास्कलच. जुळणारच, कारण हवेनं उचलायचं आणि हवेनंच फुगवायचं, भांडवल एकच.

मला या रचनेतली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट पुढे आहे. हवा जिथं पूर्ण थांबते, तिथं दाब सर्वांत जास्त असतो. पंखावरून वाहणाऱ्या हवेचा दाब इतर कुठंही त्याहून कमीच. कप्प्यांची तोंडं नेमकी त्या थांबण्याच्या जागी कापलेली असल्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा सगळीकडे वरचढ राहतो. कापड प्रत्येक ठिकाणी बाहेरच ढकललं जातं. आणि वजन डझनावारी दोऱ्यांत वाटलेलं असल्यानं पंखाला वाकण्याचा ताण फारसा सोसावाच लागत नाही. उलट, वरून येणाऱ्या झोतानं पंखाचं नाक खाली गेलं, की थांबण्याची जागा वरच्या बाजूला सरकते, तोंडांना तो दाब मिळत नाही आणि पुढची कड आत दुमडते. म्हणून पायलटचे हात ब्रेकच्या दोऱ्यांवर सतत हलत असतात. तो तुमच्याशी गप्पा मारत असला तरी.

आणि म्हणूनच पळायचं. वेग नाही तर दाब नाही, दाब नाही तर पंख नाही. पायलट मागून ओरडतो, ‘दौडते रहो, बैठना नहीं!’ आणि नवखा माणूस दोन पावलांत हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांच्या आसनात, बसून घेतो. प्रवासी पुढे बांधलेला असतो. तो बसला की सगळं ओझं पायलटवर आणि वेगाचा बोजवारा. पाय हवेत आले तरी पळत राहायचं. निघण्याआधी नारळ फोडायला हरकत नाही, पण मांडीचे पट्टे लागले आहेत का, हे आपल्याच हातांनी चाचपून बघा. तिथं नारळ कामाला येत नाही.

पंख आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत कायम खालीच जात असतो, सेकंदाला सव्वाएक मीटर तरी. स्थिर हवेत बीर तेरा-चौदा मिनिटांत येईल. जास्त वेळ राहायचं तर हवाच वर जाणारी हवी. उन्हानं तापलेल्या उतारावरून गरम हवेचे झोत सुटतात, त्यांना थर्मल म्हणतात. गिधाडं त्यातच घिरट्या घेतात. पायलटच्या व्हेरिओची, म्हणजे वर-खाली जाण्याचा वेग सांगणाऱ्या यंत्राची, टिकटिक वाढली, की तोही वळतो. मधेच धपकन खाली आल्यासारखं वाटतं ती शेजारची उतरती हवा. बातम्यांतली ‘हवेची पोकळी’ आकाशात कुठंही नसते. आपल्या कामशेतच्या टेकड्यांवर बहुतेक वेळा काम उतारावर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावरच भागतं.

‘अर्धा तास नक्की’ अशा जाहिराती म्हणूनच फारशा मनावर घेऊ नयेत. ते ऊन ठरवतं. भर दुपारी थर्मल जोरात असतात, उड्डाण लांबतं आणि पोटही ढवळतं. पहिलीच वेळ असेल तर सकाळची वेळ मागा. पाच-दहा मिनिटं कमी मिळतील, पण पोट जागेवर राहील.