किरणोत्सर्गी निर्मलीकरण : जमीन व पाणी

अणुभट्टी, युरेनियमची खाण, रुग्णालय किंवा भंगाराच्या ढिगातून सुटलेले किरणोत्सर्गी पदार्थ माती, विहिरी, ओढे आणि घरे यांतून काढून घेणे, आणि जे निघत नाहीत ते जिथल्या तिथे अडकवून ठेवणे, या कामाला किरणोत्सर्गी निर्मलीकरण म्हणतात. मैला कुजतो, कीटकनाशक कालांतराने मोडते. किरणोत्सर्गी अणू मात्र जाळल्याने, सडवल्याने किंवा औषध टाकल्याने नाहीसा होत नाही. तो स्वतःच्या गतीनेच क्षीण होतो. त्यामुळे निर्मलीकरण म्हणजे बव्हंशी दूषित पदार्थाची जागा बदलणे आणि नव्या जागी त्यावर पहारा ठेवणे. कोणतीही पद्धत समोर आली की आधी विचारावे ते हे, की काढलेले नेऊन ठेवले कुठे.

पद्धत ठरते ती पदार्थाच्या अर्धायुष्यावरून, म्हणजे तो निम्मा क्षीण व्हायला लागणाऱ्या काळावरून. आयोडिन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मे होते. काही आठवडे दूध आणि पालेभाजी थांबवली की प्रश्न मिटतो. कोबाल्ट-६० निम्मे व्हायला सव्वापाच वर्षे लागतात, स्ट्रॉन्शियम-९० ला सुमारे २९ आणि सेझियम-१३७ ला सुमारे ३०. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य २४,१०० वर्षे आहे, तिथे वाट पाहण्याचा विचारच नको. शेतीला सर्वांत जाचक ठरते ते सेझियम. ते पोटॅशियमच्या जातकुळीतले असल्याने पिकांची मुळे पोटॅशबरोबर तेही उचलतात. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखे वागते आणि हाडांत जाऊन बसते.

आकाशातून पडलेले सेझियम पहिली काही वर्षे मातीच्या वरच्या थरातच राहते, कारण चिकणमातीचे कण ते धरून ठेवतात. म्हणून वरची माती खरवडणे हा सर्वांत सरळ उपाय. २०११ च्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर जपानने घरांच्या आवारातली आणि भातखाचरांतली वरची सुमारे ५ सेंटिमीटर माती काढली. पिशव्यांत भरलेली ही माती व कचरा मिळून सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर झाला. तो ओकुमा व फुताबा या गावांजवळ साठवला आहे आणि २०४५ पर्यंत फुकुशिमा प्रांताबाहेर नेऊन त्याची अंतिम विल्हेवाट लावायची, असा तिथला कायदा आहे. डोंगरावरची जंगले मात्र, वस्तीलगतचा पट्टा सोडला तर, तशीच राहिली. उतारावरची माती खरवडली की पावसात डोंगरच खाली येतो. जिथे माती काढणे परवडत नाही तिथे खोल नांगरट करून वरचा थर खाली गाडतात, किंवा भरपूर पोटॅश घालून पिकाची सेझियमची उचल रोखतात. दुसरा उपाय फुकुशिमाच्या भातशेतीत चांगला लागू पडला. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला पोटॅशची पोती नवी नाहीत. हिशेब तोच, हेतू वेगळा.

सूर्यफुलांनी जमीन शुद्ध होते, ही बातमी गरजेपेक्षा जास्त पसरली. १९९० च्या दशकात युक्रेनमधल्या चेर्नोबिल या अपघातग्रस्त अणुवीज केंद्राजवळच्या एका तळ्यात तरंगत्या तराफ्यांवर सूर्यफुले लावली होती आणि त्यांच्या मुळांनी पाण्यातले सेझियम व स्ट्रॉन्शियम खरोखर ओढून घेतले. फुकुशिमात तोच प्रयोग मातीत केला तेव्हा जवळजवळ काहीच हाती लागले नाही, कारण मातीने धरलेले सेझियम मुळांना सहज मिळत नाही. शिवाय उपटलेले झाड हा पुन्हा किरणोत्सर्गी कचराच.

परदेशातले हे आकडे सातारा-सांगलीत जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मिरज, पलूस, वाळवा भागातल्या काळ्या रानात फुगणारी, स्मेक्टाइट जातीची चिकणमाती आहे. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात. वरची माती त्यांत पडते आणि वळवाचे पहिले पाणीही त्यांतूनच खाली उतरते. दूषित थर वरच्या पाच सेंटिमीटरांतच राहील, हे गृहीतक अशा रानात टिकत नाही. भेगा उघड्या असताना सेझियम पडले तर ते भेगेच्या तळापर्यंत जाईल. पश्चिमेला महाबळेश्वर, पाचगणी आणि कासच्या पठारावर जांभा आहे. त्याची माती आम्ल, पोटॅशियमची अंगची शिल्लक तोकडी. तिथे झाडे सेझियम अधिक सहज उचलतील आणि मुसळधार पाऊस ते ओढ्यांतून कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडे नेईल. माण, खटाव, आटपाडी, जत या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत पाण्यापेक्षा उडणाऱ्या धुळीची काळजी आधी करावी लागेल. दोनच जिल्हे, पण एक आराखडा पुरणार नाही.

पाण्याची सफाई मातीपेक्षा सोपी वाटते, पण एका मर्यादेपर्यंतच. विरघळलेले सेझियम, स्ट्रॉन्शियम, युरेनियम आयन-विनिमयाने (पाण्यातले विरघळलेले कण धरून त्या जागी दुसरे सोडणाऱ्या पदार्थाने) किंवा आरओने वेगळे करता येते. सेझियमसाठी झिओलाइट हे खनिज नावाजलेले आहे. क्लिनोप्टिलोलाइट ही त्याची जात सर्वाधिक वापरात आहे. तिचा सख्खा भाऊ हुलँडाइट दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत सापडतो. विहीर किंवा खाण खोदताना निघणाऱ्या अशा चमकदार खड्यांना लोक सरसकट गारगोट्या म्हणतात. संग्राहकांना ते हवे असतात. गाळणीसाठी लागणारे ढीग मात्र त्यांतून निघत नाहीत. फुकुशिमा केंद्राच्या इमारतींच्या तळघरांमध्ये झिओलाइटच्या पिशव्या टाकल्या होत्या. त्यांनी सेझियम इतके शोषले की आता त्या पिशव्यांजवळ माणूस जाऊ शकत नाही. ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सर्गी रूप, तर पाण्याच्याच रेणूत बसलेले असते, ते गाळून निघत नाही. म्हणून ऑगस्ट २०२३ पासून फुकुशिमाचे प्रक्रिया केलेले पाणी ट्रिटियमसह, प्रतिलिटर १,५०० बेकरेलच्या (बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) खाली पातळ करून समुद्रात सोडले जात आहे.

भूजल हा सर्वांत किचकट भाग. अमेरिकेतील हॅनफोर्ड येथे अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवले गेले; तिथे जमिनीखाली १७७ टाक्यांत कचरा आहे आणि दूषित भूजल वर्षानुवर्षे उपसून, गाळून परत जमिनीत सोडले जाते. नदीकाठी एके ठिकाणी जमिनीत कॅल्शियम-फॉस्फेटचे द्रावण सोडून अॅपेटाइट या खनिजाचा अदृश्य बांध तयार केला, जेणेकरून स्ट्रॉन्शियम कोलंबिया नदीत जाऊ नये. हॅनफोर्डच्या मातीखालीही आपल्यासारखाच बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, आहे. त्याच कातळात अणुकचरा कायमचा पुरता येईल का, याचा अभ्यास तिथे झाला. तो १९८७ मध्ये थांबवण्यात आला. कातळातले पाणी फटींतून, भेगांतून वाहते. शेजारच्या दोन बोअरपैकी एक कोरडी आणि एक भरलेली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचा माग काढणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको.

सातारा-सांगलीत अणुवीज केंद्र नाही, युरेनियमची खाणही नाही. इथला संभव आहे तो लहान, हरवलेल्या स्रोतांचा. मिरज हे दवाखान्यांचे गाव, तिथे कर्करोगावर किरणोपचार होतात. कुपवाडपासून कोल्हापूरपर्यंतच्या फाउंड्रींत रोज भंगार वितळते. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातले यंत्र भंगारात गेले. मूठभर सेझियम क्लोराइडमुळे चौघे दगावले, २४९ जण दूषित झाले, घरे पाडावी लागली आणि सुमारे ३,५०० घनमीटर कचरा झाला. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एप्रिल २०१० मध्ये प्रयोगशाळेतले कोबाल्ट-६० फोडले गेले आणि एक कामगार मरण पावला. स्रोत भट्टीत गेला तर कोबाल्ट पोलादात मुरते, सेझियमची वाफ होऊन ते धुराच्या राखेत जाते. १९९८ मध्ये स्पेनच्या एका पोलाद कारखान्यातून असे सुटलेले सेझियम फ्रान्स, इटली, जर्मनीपर्यंत मोजले गेले. फाटकावर किरणमापक बसवणे हे नंतरच्या कोणत्याही सफाईपेक्षा स्वस्त.

भंगारात पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचे चिन्ह दिसले, किंवा आकाराच्या मानाने फार जड असे शिशाचे भांडे सापडले, तर ते कापू नये, हलवू नये; माणसे लांब करून पोलीस व जिल्हा प्रशासनाला कळवावे. पुढची जबाबदारी १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे तज्ज्ञ घेतात. वापर संपलेले वैद्यकीय व औद्योगिक स्रोत पुरवठादाराकडे परत करावे लागतात. स्थानिक पातळीवर पुरायला परवानगी नसते. या दोन जिल्ह्यांत ते योग्यच आहे. २००५ आणि २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेने मळीच्या जमिनींसह शहराचा मोठा भाग पाण्याखाली घेतला, कोयना खोऱ्याने ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सोसला आहे, आणि उरलेल्या कोरड्या माळावरही खाली तोच फटींचा कातळ आहे.