खाजण

खाजण : भरती-ओहोटीच्या नद्यांकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. गोव्यात मांडवी व जुवारी या नद्या आणि त्यांना मिळणाऱ्या खाड्यांच्या काठी अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन असल्याचे सामान्यतः मानले जाते. कोकणातील खारभूमी आणि केरळातील पोक्काळी शेती या जवळच्या पद्धती होत.

खाजणांच्या प्राचीनतेविषयी मतभेद आहेत. काही लेखक समुद्रपातळीतील बदलांच्या आधारे पहिले बांध तीन ते चार हजार वर्षांपूर्वीचे ठरवतात. पण त्या काळच्या खारफुटीच्या दलदलीत माणसाने बांध घातलाच होता, असे त्यावरून सिद्ध होत नाही. बांदोडे येथे मिळालेल्या, कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मा याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. ताम्रपटाचा काळ बहुधा इ. स. सहावे शतक असून, तूर्त तोच निश्चित आधार धरणे अधिक सयुक्तिक दिसते. या उल्लेखामुळे खाजण हा शब्द फारसी ‘खजिना’शी जोडण्यातही फारसे तथ्य उरत नाही. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या १५२६ च्या सनदेत चार माणसांनी ओसाड बेट लागवडीस आणल्याची परंपरा नोंदली आहे. तिला इतिहासापेक्षा गावकरीची, म्हणजे गावाच्या सामूहिक जमीनसंस्थेची, उत्पत्तिकथा म्हणूनच पाहावे.

बांधात पाण्याची ये-जा नियंत्रित करणारी मानस बसवलेली असते; तिला लाकडी दारे असतात. भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाने मातीतील क्षार धुतले गेल्यावर कोरगूटसारखे क्षारसहिष्णू भात घेतले जाते. मानशीवरील मासेमारीच्या हक्काचा लिलाव होई आणि बांधांच्या दुरुस्तीचा भार गावकरी (पोर्तुगीज नाव कोमुनिदाद) उचलत असे. १९६४ च्या कूळ कायद्यात १९७६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने जमिनीची मालकी कुळांकडे आली आणि बांधांची जबाबदारी कूळसंघांवर पडली. पुढे भातापेक्षा मासळीचे उत्पन्न अधिक ठरू लागले, तेव्हा मानस उघडी ठेवून शेते कायम खाऱ्या पाण्याखाली राखण्याकडे काही ठिकाणी कल वाढला. खनिजवाहू बार्जेसच्या लाटांनी बांधांची झालेली धूप, तसेच रस्ते, भराव व इमारती यांचीही खाजणांच्या ऱ्हासात भर पडली.

बांध फुटून पडीक राहिलेल्या खाजणात खारफुटी पुन्हा रुजते. ती कायद्याने संरक्षित असल्यामुळे अशी जमीन परत भाताखाली आणणे अवघड होते. खाजण हेच मुळात खारफुटीच्या पाणथळीत केलेले भूवापर-परिवर्तन असल्याने, यांपैकी कोणती अवस्था जपावी याविषयी पर्यावरणतज्ज्ञ व शेतकरी यांच्यात एकमत नाही. मात्र बांधाबाहेरची खारफुटी लाटांपासून बांधाचे रक्षण करते, हे दोघांनाही मान्य असते.

पाणथळींच्या संवर्धनासाठीच्या १९७१ च्या रामसर या आंतरराष्ट्रीय करारातील व्यापक व्याख्येत मानवनिर्मित पाणथळी आणि त्यांबरोबर भातशेतेही येतात. भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र भातशेते, मत्स्यपालनासाठी व मिठासाठी बांधलेल्या रचना आणि किनारा नियमन क्षेत्रातील भूभाग वगळले, त्यामुळे खाजणे या नियमांच्या कक्षेबाहेर पडतात. त्यांचे संरक्षण मुख्यतः किनारा नियमन क्षेत्राच्या तरतुदींवर अवलंबून आहे : २०११ च्या अधिसूचनेने गोव्यातील खाजणांचे नकाशे व व्यवस्थापन आराखडा तयार करण्यास सांगून त्यांत विकासकामांना मनाई केली.