मुंबई दर्शन, कमी खर्चातले

महाराष्ट्राच्या राजधानीत पाहुण्याने पायी, लोकलने, बेस्टच्या बसने आणि लाँचने केलेली भटकंती. ‘मुंबई दर्शन’ नावाने खासगी बसच्या दिवसभराच्या सहलीही निघतात, पण त्यांत बराच वेळ खिडकीत बसून वाहतूक पाहण्यात जातो. शहरात पाहण्यासारखे पुष्कळसे उघड्यावर आणि फुकट आहे. खर्च फुगतो तो बहुतेक वेळ चुकल्याने. सोमवारी घारापुरीला (एलिफंटा बेटावर) जायला निघालेला किंवा रविवारी मेगाब्लॉकमध्ये (दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याच्या तासांत) सापडलेला पाहुणा शेवटी टॅक्सीत बसतो. म्हणून आधी वार पाहावा, मग घड्याळ, आणि समुद्राकडे जायचे असेल तर तिथीसुद्धा.

वारांचा हिशेब सोपा आहे. घारापुरीची लेणी, बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (आणि त्यातली कान्हेरीची बौद्ध लेणी), राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय व पेडर रोडवरचे भारतीय चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असते. भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्याच आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर बाग उघडी राहते आणि सुटी दुसऱ्या दिवशी घेते. ज्याच्या हातात दोनच दिवस आहेत आणि त्यातला एक सोमवार आहे, त्याने सोमवार फोर्टातल्या (दक्षिण मुंबईच्या जुन्या भागातल्या) पायी फेरीला द्यावा. इमारती सुटी घेत नाहीत.

लोकल

सगळ्यांत स्वस्त वाहन लोकलच. सेकंड क्लासचे किमान भाडे ५ रुपये, चर्चगेट ते बोरिवली १५ रुपये. एकेरी तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो, त्यामुळे सकाळीच दिवसभराची तिकिटे काढून ठेवण्यात अर्थ नाही. एका दिवसात चार-पाच ठिकाणी चढउतार होणार असेल तर खिडकीवर पर्यटक पास मागावा. तो १, ३ आणि ५ दिवसांचा मिळतो. विनातिकीट सापडल्यास भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड होतो. नवख्यांना हा दंड बहुधा तिकीट न काढल्याने होत नाही, सेकंडचे तिकीट घेऊन फर्स्ट क्लासमध्ये चढल्याने होतो. दोन्ही डब्यांची दारे सारखी दिसतात. डब्यावरची अक्षरे आणि तिरके पट्टे पाहूनच पाय टाकावा. महिलांच्या डब्यावर स्त्रीचे चित्र असते.

इंडिकेटरवर गाडीचे शेवटचे स्टेशन, वेळ, ‘एस’ किंवा ‘एफ’ (स्लो, फास्ट) आणि डब्यांची संख्या दिसते. फास्ट गाडी मधली स्टेशने गाळते, तेव्हा आपले स्टेशन ती घेते का हे फलाटावरच विचारावे. संध्याकाळी बोरिवलीला जायचे असेल तर विरार गाडी टाळावी आणि बोरिवली लोकलच धरावी. विरारच्या गर्दीत दारापर्यंत पोचणेच होत नाही आणि माणूस पुढच्या स्टेशनांवर वाहून जातो. उतरण्याची तयारी एक स्टेशन आधी करायची असते. दादरला उतरायचे तर आधीच्या स्टेशनालाच समोरच्याच्या खांद्याला हलका हात लावून ‘दादर उतरणार?’ असे विचारावे. तो ‘हो’ म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहायचे, ‘नाही’ म्हणाला तर त्याची जागा घ्यायची. फलाट कोणत्या बाजूला येणार हेही त्यालाच विचारावे. या दोन प्रश्नांनी अर्धी अडचण सुटते, आणि मुंबईकर त्यांना उत्तर देतोच.

सकाळी साधारण ८ ते ११ गर्दी दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि सीएसएमटीकडे (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), सरकते. संध्याकाळी साडेपाचनंतर उलट. पाहुण्याने गर्दीच्या विरुद्ध दिशेने जावे. दक्षिण मुंबईत उतरलेल्याने सकाळी बोरिवली गाठली तर बसायला जागा मिळते. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गांवर बहुधा सकाळी ११ च्या सुमारास मेगाब्लॉक सुरू होतो आणि दुपारी चारपर्यंत चालतो. कोणत्या स्टेशनांदरम्यान, हे एक-दोन दिवस आधी वर्तमानपत्रांत छापून येते.

बस, मेट्रो, टॅक्सी

मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये आहे. दिवसभराचा पास ७५ रुपये. सीएसएमटी ते एनसीपीए (नरिमन पॉइंटचे कलाकेंद्र) जाणारी ए-११५ क्रमांकाची एसी डबलडेकर ही फोर्टाची स्वस्तातली सहलच आहे. वरच्या मजल्यावर पुढची खिडकी धरावी. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो (मार्ग ३) ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. भाडे १० ते ७० रुपये. हुतात्मा चौक, गिरगाव, सिद्धिविनायक, शीतलादेवी ही तिची स्टेशने पाहुण्याच्या कामाची आहेत. रिक्षा माहीम-शीवच्या दक्षिणेला येत नाही, तिथून पुढे टॅक्सी. दीड किलोमीटरपर्यंत टॅक्सीचे किमान भाडे ३१ आणि रिक्षाचे २६ रुपये. चर्चगेट-सीएसएमटी परिसरात शेअर टॅक्सीच्या रांगा असतात, तिथे भाडे ठरलेले असते.

फोर्टातली पायी फेरी

अंतर जेमतेम तीन किलोमीटर, पण थांबत-बघत तीन तास लागतात. सीएसएमटीपासून (वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, बांधकामाचा प्रारंभ १८७८, २००४ पासून जागतिक वारसा) सुरुवात करावी. प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर सिंह आणि वाघ बसलेले आहेत, सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा. समोरच महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. तिथून दादाभाई नौरोजी रोडने कमानींखालच्या पदपथावरून हुतात्मा चौक, डावीकडे हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक सोसायटीचा १८३३ चा टाउन हॉल. त्याच्या पायऱ्यांवर विसावा घेऊन काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२, प्रवेश विनामूल्य), आणि शेवटी गेटवे ऑफ इंडिया.

उजेडाकडे लक्ष दिले तर फेरीचा क्रम बदलतो, आणि बदलावाच. सीएसएमटी, उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांची तोंडे पश्चिमेला आहेत. सकाळी त्यांच्या दर्शनी भिंती सावलीत काळवंडलेल्या असतात. दुपारी तीननंतर दगडाचा पिवळा-तांबूस रंग उजळतो आणि नक्षी उठून दिसते. गेटवे (जॉर्ज विटेट, पायाभरणी १९१३, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४) समुद्राकडे, म्हणजे पूर्वेला तोंड करून आहे, तेव्हा तिथे सूर्योदयाला जावे. त्या वेळी गर्दीही नसते. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहिले की पूर्वेला १८७८ चा राजाबाई टॉवर व गॉथिक इमारती आणि पश्चिमेला आर्ट डेको (१९३०-४० च्या सुमाराची शैली) इमारतींची रांग एकाच जागेवरून दिसते. या दोन्हींना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. डेको इमारती बघताना गोलाकार सज्जे, खिडक्यांवरच्या भुवयांसारख्या छज्ज्या आणि इमारतीच्या नावाची अक्षरे पाहावीत. बहुतेक जण मान वर न करता इथून निघून जातात, याची हळहळ वाटते.

संग्रहालयांत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे तिकीट इतरांपेक्षा जास्त आहे, पण त्याला निम्मा दिवस सहज लागतो. गावदेवीच्या मणिभवनात (गांधीजींचा मुंबईतला मुक्काम, १९१७ ते १९३४) प्रवेश विनामूल्य. चित्रपट संग्रहालय २० रुपये. राणीच्या बागेत प्रौढांना ५०, तर आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपये. पेंग्विनचे दालन त्यातच येते.

लेणी

घारापुरीचा खर्च तिकिटाचा कमी आणि लाँचचा जास्त. लेण्यांचे तिकीट भारतीयांना ४० आणि परदेशी नागरिकांना ६०० रुपये, १५ वर्षांखालील मुलांना माफ. गेटवेहून लाँचला सुमारे तास लागतो. जाण्यायेण्याचे तिकीट एकच असते, ते परत येईपर्यंत जपून ठेवावे. लाँचवर लाइफ जॅकेट घालावेच. धक्क्यापासून छोटी गाडी किंवा पायी, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. माकडे हातातली पिशवी आणि बाटली ओढतात, म्हणून खाण्याचे जिन्नस पाठीवरच्या बॅगेत बंद ठेवावेत. मुख्य लेण्यात दक्षिणेच्या भिंतीत साडेपाच मीटरचा सदाशिव, म्हणजे तीन मुखांचा शिव, आहे. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटे थांबावे, नाहीतर बाजूची शिल्पे नुसती काळी दिसतात. सकाळची पहिली लाँच धरली तर त्यासाठी शांतता मिळते.

कान्हेरी त्याहून स्वस्त आणि जाणकारांच्या लेखी तितकीच मोलाची. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला दहा-पंधरा मिनिटांवर उद्यानाचे फाटक, तिथून आत सुमारे सहा किलोमीटर. उद्यानाची बस किंवा भाड्याची सायकल मिळते. लेण्यांचे तिकीट २५ रुपये वेगळे, उद्यानाचे वेगळे. खडकात शंभरावर लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य सगळे पाहतात, पण वर चढत गेल्यावर दिसणारी पाण्याची पोढी (टाकी) आणि खडकात कोरलेले पन्हाळ पाहिल्याशिवाय इथे वस्ती कशी टिकली ते कळत नाही. पावसाळ्यात कातळ शेवाळतो, तेव्हा पकड असलेले बूट हवेत.

समुद्राची वेळ

हाजी अलीची वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत येणारे रोहित पक्षी पूर्ण ओहोटीला इतके लांब जातात की नुसती गुलाबी रेघ दिसते, आणि पूर्ण भरतीला त्यांना उभे राहायला चिखलच उरत नाही. ते जवळून पाहायचे तर भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर जावे.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला ठोकताळा मुंबईलाही लागू पडतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा; पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास चढते. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशेब. दिवसातून दोनदा भरती येते आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते आणि अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी उंचीची, भरती, म्हणून हाजी अलीला जायला अष्टमीच्या जवळचे दिवस बरे. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीचा इशारा महापालिका देते, त्या दिवशी मरिन ड्राइव्हच्या कठड्यापासून दूर राहावे. त्याखालच्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर तर कधीच उतरू नये. ते निसरडे असतात आणि फटीत पाय अडकला तर लाट थांबत नाही.

थोड्या रुपयांत समुद्रप्रवास हवा असेल तर वर्सोवा-मढ किंवा मार्वे-मनोरी ही फेरीबोट धरावी. बोरिवलीहून गोराई खाडी ओलांडली की विपश्यनेचा पॅगोडा लागतो. घुमटाखाली एकही खांब नाही, आठ हजार माणसे एकावेळी बसतील असे सभागृह आहे, आणि प्रवेश विनामूल्य.

सामान घेऊन फिरू नये. सीएसएमटी, दादर आणि मुंबई सेंट्रलच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवता येते, पण कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. एक लहान कुलूप घरूनच आणावे.